शिळ्या भाताची वंशावळ

पणजीचं श्राद्ध फान घराण्यात दर वर्षी होत असे, पण पणजीवर एवढं प्रेम उतू गेलेलं क्वेननं सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

थोरला भाऊ होआन सायगावहून चक्क एक दिवस आधीच येऊन थडकला होता. एरवी श्राद्धाच्या सकाळी त्याचा फोन यायचा, "माझ्या नावानं दोन उदबत्त्या लाव गं," आणि मागून त्याच्या हॉटेलातल्या ताटवाट्यांचा खणखणाट ऐकू यायचा. या वेळी तो स्वतः आला, बायकोला, म्हणजे दियेपला, घेऊन आला, आणि पणजीसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची दोन खोकीही घेऊन आला. कागदी मोटार, कागदी मोबाइल, कागदी गॅसशेगडी. मधला भाऊ थाच पुलापलीकडे ह्वे शहरातच राहायचा. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा माणूस सकाळी आठलाच हजर झाला, तोही कोट घालून. नदीतल्या त्या बेटावर, तसल्या चिकट उकाड्यात, कोट! खरं तर तो कोट पाहूनच क्वेनला संशय यायला हवा होता.

पण तिला वाटलं, कोट समितीसाठी असेल. समिती दुपारी दोनला येणार होती.

बारीक शिंपल्यांचा भात बेटावर घराघरांत होतो. पण तो सगळ्यांत आधी कुणी केला, याची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. भूक लागलेली माणसं असल्या चौकशा करत नाहीत. यंदा मात्र शहरात एक खाद्यपरंपरा समिती बसली होती आणि तिनं जाहीर केलं होतं, की ज्या घराण्याला या भाताचा उगम सांगता येईल त्याला पितळी पाटी मिळेल. अटी दोनच. उगमाच्या हकिकतीवर घराण्यातल्या वयानं सगळ्यांत मोठ्या माणसाची सही हवी. आणि पाटी जिथं लागेल तिथं मिळणारा भात हकिकतीत लिहिल्याबरहुकूम हवा, त्यात काडीचा फरक चालणार नाही.

वयानं सगळ्यांत मोठं माणूस म्हणजे दाओ आत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची, बिनलग्नाची, या तिघा भावंडांच्या वडिलांची बहीण. जन्म याच घरात गेला. सही येत नव्हती, अंगठा येत होता. गेल्या चोवीस तासांत त्या अंगठ्याला जेवढा मान मिळाला तेवढा तिला स्वतःला आयुष्यात मिळाला नव्हता.

क्वेन मागच्या पडवीत मोठ्या कढईपाशी उभी होती. शिंपल्या उकळत होत्या आणि ती दोन लांब काठ्यांनी त्या जोरजोरात घुसळत होती, म्हणजे कवचं उघडून नखाएवढं मांस सुटून वर येतं. श्राद्ध असलं तरी भाताचं दुकान बंद ठेवायची तिची पद्धत नव्हती. अंगणात फणसाखाली सहा बुटकी टेबलं होती आणि सहाही भरलेली होती.

दियेप पडवीत आली. अंगावर रेशमी कपडे, हातात पंखा. बांबूच्या सुपात पसरून ठेवलेल्या काल रात्रीच्या भाताकडे तिनं एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

"वन्सं, अजून शिळाच वाढता?"

"गार," क्वेन म्हणाली. "शिळा नाही, गार. हा भात गारच असतो, वहिनी. वरून गरम रस्सा देतो आपण."

"आमच्याकडे गरम वाढतात. वाफाळता. चिनीमातीच्या झाकणाच्या भांड्यात."

"माहितेय. फोटो पाहिलेत. वर लिहिलेलंही असतं, 'शाही भात'."

"लोकांना आवडतो."

"लोकांना काय, मोत्याचा चुरा घातलात तरी आवडेल."

दियेप पंख्यानं वारा घेत राहिली. बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात सहा वर्षं राहिली, मग नवऱ्याला घेऊन सायगावला गेली ती गेलीच. क्वेनच्या मते वहिनीला बेटाची लाज वाटायची. गरम भात हा त्या लाजेचाच एक प्रकार.

"दादाची हकिकत तुम्ही वाचलीत?" क्वेननं विचारलं.

"मीच तर लिहायला सांगितली," दियेप म्हणाली आणि आत गेली.

हकिकत दहा वाजता माजघरात वाचली गेली. पणजीच्या तसबिरीखाली होआन उभा राहिला, घसा खाकरला आणि वाचू लागला. कोळशानं काढलेल्या त्या तसबिरीत पणजीचे ओठ नेहमीसारखेच घट्ट मिटलेले होते. हकिकत अशी, की पणजोबा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मानकरी होते. एकदा सम्राटांची अन्नावरची वासना उडाली. बत्तीस पक्वान्नं परत गेली. तेव्हा पणजोबांनी पणजीला बोलावलं, तिनं सुवासिक तांदळाचा गरमागरम भात रांधला, वर बेटावरच्या शिंपल्या पेरल्या, आणि सम्राटांनी तीन वाट्या संपवून विचारलं, "या स्वर्गीय पदार्थाचं नाव काय?"

"आणि पणजी काय म्हणाली?" दाओ आत्यानं झोपाळलेल्या डोळ्यांनी विचारलं.

"ती लाजली," होआन म्हणाला.

आत्यानं तसबिरीकडे पाहिलं. "लाजली," ती स्वतःशीच म्हणाली, जणू हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला होता.

"दादा, पणजोबा होडीवाले होते," क्वेन म्हणाली. "राजवाडा त्यांनी पाहिला असेल तो नदीतून. आणि गरम भात? हे लिहून दिलंस तर उद्या माझ्याच अंगणातला भात खोटा ठरेल. मी पाटीखाली उभी राहून माझाच भात विकायचा नाही?"

"तू कशाला विकायचास? राजवाड्याजवळ जागा बघितलीय मी. तू तिथं मुख्य आचारी. पांढरी टोपी देईन. हे टेबल पूस, ते स्टूल उचल, सुटेल सगळं."

"मला सोडवून घ्यायचं नाहीये."

"क्वेन, गरिबाचं खाणं गरीबच खातात. राजाचं खाणं सगळे खातात."

क्वेन थाचकडे वळली. तिची सगळी भिस्त त्याच्यावर होती. लहानपणी तिला चुकीची तारीख सांगितली म्हणून यानं वडिलांशीही भांडण केलं होतं.

"थाचदादा, तू इतिहासाचा माणूस. सांग याला."

थाचनं कोटाची गुंडी काढली, परत लावली. "असं आहे," तो म्हणाला, "पुरावा नाही याचा अर्थ घडलंच नाही असा होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पणजोबा राजवाड्यात नव्हते, असा कुठंही कागद नाही."

"ते चंद्रावर नव्हते असाही कागद नाही!"

"'लाजली' हा शब्द मात्र माझा नाही," थाच घाईनं म्हणाला. "मी 'नम्रपणे मौन पाळले' असं लिहिलं होतं."

तेव्हा कुठं क्वेनच्या डोक्यात प्रकाश पडला. हकिकत थाचनंच लिहिली होती. त्याच्या मुलीला होआनच्या हॉटेलात व्यवस्थापक म्हणून घेतल्याची गोड बातमी तिनं गेल्याच महिन्यात ऐकली होती आणि पेढे वाटावेत तशा सगळ्या गल्लीत ओल्या नारळाच्या वड्या वाटल्या होत्या.

ती पडवीत गेली आणि गरज नसताना शिंपल्या घुसळत राहिली.

तिचीही हकिकत तयार होती. ती दोन रात्री बसून तिनं वहीत लिहून काढली होती. तीत सम्राट नव्हता. तीत एक माउली होती. दुष्काळी दिवसांत, लेकरासुनांच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून स्वतः उपाशी राहून, उरलेल्या भाताला नदीच्या शिंपल्यांची जोड देणारी पणजी. वाचताना क्वेनला स्वतःलाच दोनदा रडू आलं होतं. आत्यालाही ती वाचून दाखवली होती. आत्या ऐकता ऐकता सुपारी चघळत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "अक्षर छान आहे तुझं."

पूजा झाली, नैवेद्य झाला. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात कागदी मोटार जळली, मोबाइल जळला. शेगडीची पाळी आली तेव्हा दाओ आत्या खुर्चीत खुदकन हसली.

"तिला शेगडी? ती पेटवायचीच नाही रे."

कुणी लक्ष दिलं नाही, कारण समितीच्या त्रिन्ह बाई अर्धा तास आधीच आल्या होत्या. पस्तिशीच्या, घामेजलेल्या, काखेत फायली. आतापर्यंत त्यांनी नऊ घराण्यांच्या हकिकती गोळा केल्या होत्या. होआननं त्यांना आपला कागद दिला. क्वेननं वही पुढं केली. त्रिन्ह बाईंनी दोन्ही चाळली आणि उसासा सोडला.

"सातवे सम्राट आणि तिसरी माउली," त्या म्हणाल्या. "बरं. आजीबाई, यातली कुठली हकिकत खरी?"

सगळं घर आत्याकडे बघू लागलं. होआन तिच्या पाठीशी उशी सरकवायला धावला. थाचनं शाईचा डबा उघडला. क्वेन आत्याच्या पायाशी बसली. तीस वर्षं तिचं पथ्यपाणी सांभाळलेली भाची म्हणून तिचा हक्क होता, असं तिला वाटत होतं.

"कुठलीच नाही," आत्या म्हणाली.

"आत्या!" दोन्ही भाऊ एकदम म्हणाले. एवढ्या एका शब्दावर त्यांचं दिवसभरात प्रथमच प्रामाणिक एकमत झालं.

"विचारलंत म्हणून सांगते. माझी आजी, म्हणजे तुमची ही पणजी, चिक्कू होती. चिक्कू म्हणजे कशी, तर सकाळी चूल पेटवायची नाही. लाकूड जळतं. संध्याकाळी एकदाच भात. तो आधी पुरुषांनी खायचा, मग तिनं, मग तिच्या लेकींनी. उरेल तो सुनांना. पण तेव्हा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री खाल्ला तर सकाळी परत मागतील म्हणून."

"पण शिंपल्या..." क्वेन म्हणाली.

"शिंपल्या विकायच्या. त्यांचं पाणी फेकायचं. माझी आई सून होती ना या घरात. ती ते पाणी फेकायला म्हणून बाहेर न्यायची आणि भातावर ओतून घ्यायची. चाळणीतून गळून पडलेला बारीक चुरा असायचा, तो हाताला लागेल तसा. केळफुलाचं सोलून टाकलेलं, अळूचे देठ, चरबी कढवून झाल्यावर खाली राहिलेली कुरकुरीत बेरी, हे सगळं डुकरासाठी बाजूला काढलेलं असायचं. आई त्यातलं घ्यायची." आत्यानं जरा दम घेतला. "राजाबिजाचं काही नाही हो बाई. आमची स्पर्धा डुकराशी होती. आणि डुकराचे लाड जास्त, कारण त्याला पुढं विकायचं होतं."

फणसाखाली जेवणाऱ्या एका गिऱ्हाइकानं चमचा खाली ठेवला.

"मिरची?" त्रिन्ह बाईंनी नकळत विचारलं. त्या लिहू लागल्या होत्या. "हा भात एवढा तिखट का असतो, याचं प्रत्येक घराण्यानं वेगळं कारण दिलंय."

"आई मुठीनं घालायची. डोळ्यांतून पाणी आलं तर विचारायला नको कुणी. आजीनं पाहिलंच तर म्हणायचं, मिरची लागली." आत्या थांबली. "दुसऱ्या घरांचं मला माहीत नाही. त्यांनी आमच्याही आधी केला असेल. प्रत्येक घरात एक म्हातारी असतेच."

क्वेनला वाटलं, जमीन हलतेय. सम्राट कोसळला याचं तिला दुःख नव्हतं, पण त्याच्यासोबत तिची माउलीही गेली होती. तिनं काहीतरी हातात राहावं म्हणून म्हटलं, "पण आत्या, ते पणजीचं. पुढं नाही ना तसं राहिलं? माझी आई तशी नव्हती. आई दारात आलेल्या भिकाऱ्यालाही गरम वाढायची."

"हो," आवाज आला. "भिकाऱ्याला वाढायच्या."

दियेप दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातातला पंखा मिटलेला.

"दियेप, आता नको," होआन म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत मी काय बोलणार आहे?"

होआन गप्प बसला. म्हणजे त्याला माहीत होतं.

"सहा वर्षं होते मी या घरात," दियेप म्हणाली. ती कुणा एकाकडे बघून बोलत नव्हती. "तेव्हा तांदूळ कमी, निम्मा कंदच असायचा भातात, ते सगळीकडेच होतं, त्याचं काही नाही. पण तुमचा गरम असायचा. वन्सं, तुम्ही त्या कोपऱ्यात बसायच्या, भावांच्या मध्ये. पंधरा वर्षांच्या होत्या. भातातला कंद वेचून ताटाबाहेर काढायच्या. तो मला मिळायचा. सकाळी. उभ्यानं, पडवीत, कारण बसलं की सासूबाई म्हणायच्या, आता जेवायलाच बसणार का दिवसभर."

क्वेनला ते ताट आठवलं. कंदाचे तुकडे ताटाबाहेर मांडून ती त्यांची रांग करायची. ते पुढं कुठं जातात, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. वहिनी पडवीत काय करते, हाही नाही.

"मला वाटायचं..." ती म्हणाली.

"तुम्हाला वाटायचं, मला बेटाची लाज वाटते. वाटू दिलं. हॉटेल काढलं त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या दारात कुणाला गार भात मिळणार नाही. नोकरालासुद्धा. मग लोक विचारायला लागले, हा भात तर गार असतो, तुमचा गरम कसा? काय सांगणार? म्हटलं, राजाचा आहे. राजाला कोण विचारतं?"

कढईतलं पाणी उकळून उतू गेलं आणि निखाऱ्यांवर चर्र झालं. क्वेन उठली नाही.

शेवटी थाचनंच तोंड उघडलं. "खरं सांगायचं तर," तो म्हणाला, "प्रत्यक्ष साक्षीदाराचं मौखिक कथन हा सगळ्यांत मोलाचा पुरावा. मी सुरुवातीपासून..."

"थाचदादा, कोट काढ," क्वेन म्हणाली. "घामानं भिजलायस."

आणि त्यानं खरंच काढला.

त्रिन्ह बाई फायलीवर पेनाचं टोक आपटत होत्या. "हे पहा," त्या म्हणाल्या, "माझी पंचाईत समजून घ्या. पाटी एवढीच असते." त्यांनी हातानं वीतभर माप दाखवलं. "तीत सासू बसत नाही. समितीला काटकसर चालते, चिक्कूपणा चालत नाही. मी असं लिहू का: 'कष्टाळू स्त्रियांच्या काटकसरीतून व कल्पकतेतून जन्मलेला पदार्थ'?"

"कल्पकता कुणाची ते लिही," आत्या म्हणाली.

"नावं नाही घालता येत, आजी."

"मग 'सुनांच्या' लिही. 'स्त्रियांच्या' नको. माझी आजीपण स्त्रीच होती."

त्रिन्ह बाईंनी खोडलं आणि लिहिलं. "आणि भात? गार की गरम? हे मात्र स्पष्ट लिहावं लागेल, त्यावरच पाटी कुठं लावायची ते ठरणार."

होआननं बायकोकडे पाहिलं. अजूनही आशा होती त्याला. राजवाड्याजवळच्या जागेची बोलणी बरीच पुढं गेली होती. क्वेननंही वहिनीकडेच पाहिलं. आज सकाळपर्यंत या एका शब्दासाठी ती दोन्ही भावांशी कायमचं तोडायला तयार होती. आता तिला तो शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारवेना.

"गरम लिहा," क्वेन म्हणाली. "वहिनी म्हणतील तसं. मी उद्यापासून गरम लावीन."

"का?" दियेप म्हणाली. तिच्या आवाजात जरा राग होता. "माझ्यावर उपकार म्हणून? गारच लिहा हो बाई. तो गारच होता. मी विकेन गरम, पण उगम म्हणून खोटं कशाला? आणि पाटी इथंच लावा. माझ्या दारावर मला ती रोज बघायची नाहीये."

"दियेप," होआन म्हणाला, "ती जागा..."

"ती जागा छान आहे. तिथं नूडल्स विका."

आत्यानं अंगठा शाईत बुडवला. कागदावर टेकवला, उचलला, नीट उमटलाय का पाहिलं आणि उरलेली शाई कुणी फडकं आणायच्या आत खुर्चीवरच्या उशीला पुसली.

त्रिन्ह बाई पुढच्या घरी गेल्या. तिथं आठवे सम्राट त्यांची वाट बघत असणार.

तिसरा प्रहर झाला होता. श्राद्धाचं जेवण तसंच राहिलं होतं, मेजवानीच्या ताटांवर माश्या घोंघावत होत्या आणि कुणाला त्यातलं काही खावंसं वाटत नव्हतं. क्वेन पडवीत गेली. पाण्याचा हबका मारून चूल शांत केली. मग दियेप मागून आली.

"मला एक वाटी द्या, वन्सं."

"गरम भात लावते. वीस मिनिटं."

"नको. गार."

क्वेननं वाटी भरली. बारीक चिरलेलं केळफूल, अळूचे देठ, करंबळाच्या आंबट चकत्या, शेंगदाणे, तीळ, कुरकुरीत चरबी. शिंपल्यांचा चमचा तिनं दोनदा भरून घातला, मग तिसऱ्यांदा. मिरचीपाशी हात थांबला.

"घाला की," दियेप म्हणाली. "पण बेतानं. आता लपवायचंय काय?"

ती वाटी घेऊन पडवीतून बाहेर आली, अंगण ओलांडून फणसाखालच्या मधल्या टेबलाशी गेली आणि रेशमी कपड्यांसकट बुटक्या स्टुलावर बसली. क्वेननं रस्स्याचा वाडगा तिच्यापुढं ठेवला आणि तिच्या शेजारी बसली. दाओ आत्या काठी टेकत आली. चौथं स्टूल एका गिऱ्हाइकानं अडवलं होतं.

वास घेत होआन मागोमाग आला. बसायला जागा दिसेना, तसा वाटी मिळेल या अपेक्षेनं टेबलापाशी उभा राहिला. सकाळपासून तो उपाशीच होता.

"मला?" त्यानं विचारलं.

दियेप सावकाश घास चावत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सगळ्यांचं होऊ द्या," ती म्हणाली. "मग बघू काय उरतंय."

होआन हसला. मग टेबलाभोवती कुणीच हसत नाहीये, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो तिथंच, फणसाच्या बुंध्याला हात टेकून, थांबला.